दुधाचा पेला

घर फुटण्याची जी कारणे लोकांच्या तोंडी असतात, ती बहुधा स्वयंपाकघरातील असतात. कोणाचे घर लोणच्याच्या बरणीवरून फुटले, कोणाचे दळणाच्या पाळीवरून, तर कोणाचे पंगतीत आधी कोणाचे पान मांडले एवढ्यावरून. जमीनजुमला, देणेघेणे, वर्षानुवर्षे मनात साचलेले वैषम्य या गोष्टी खऱ्या मोठ्या. पण त्यांची नावे चारचौघांत सहसा घेतली जात नाहीत. बरणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या बदनाम होऊन राहते. आणि बरणी म्हटली की तिच्यामागे कोणीतरी सून, जाऊ किंवा नणंद आलीच. ‘बायकांच्या भांडणाने घर मोडले’ हे वाक्य एकदा उच्चारले, म्हणजे पुढचा विचार करण्याचे श्रम कोणासच उरत नाहीत.

ही रीत आपल्याच समाजात आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील बॉस्टन शहरच्या एका विख्यात वाद्यवृंदाच्या इतिहासातही अशीच एक वस्तू नमूद झालेली आहे. ती म्हणजे दुधाचा एक पेला. त्या वाद्यवृंदाचे नाव ‘एरोस्मिथ’. या पेल्यावरून पाच जणांचे बिऱ्हाड मोडले, पाच वर्षांनी ते पुन्हा जमले, आणि मोडल्यापासून दहा वर्षांनी, १९८९ साली, त्यांनी ‘पंप’ या नावाचा जो ध्वनिमुद्रित संग्रह काढला त्याने त्यांना गेलेली सारी प्रतिष्ठा व्याजासह परत मिळवून दिली. या संग्रहाविषयी व त्याच्या मागच्या इतिहासाविषयी एकत्र कुटुंबात आयुष्य घालविलेल्या एका गृहिणीस चार शब्द लिहावेसे का वाटावेत, हे पुढे ओघाने येईलच.

माझे कान नाट्यसंगीतावर आणि एकादशीच्या भजनावर वाढलेले. ‘हार्ड रॉक’ म्हणजे विजेच्या जोरावर गर्जणाऱ्या दोन-तीन गिटारी, छातीवर आदळणारा ढोलांचा ठेका, आणि त्या सर्वांवर ताण करून किंचाळणारा गवई, एवढीच त्या संगीताची पहिली ओळख मला झाली. ती करून दिली आमच्या धाकट्या भाऊजींच्या चिरंजीवाने. १९९० च्या सुमारास तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. तेव्हा आमच्या वाड्याच्या मधल्या चौकात नुकतीच एक भिंत उभी राहिली होती आणि भाऊजींचे बिऱ्हाड भिंतीपलीकडे गेले होते. बोलणे बंद होते. परंतु संगीतास भिंतीचा प्रतिबंध नसतो. दुपारच्या वेळी पलीकडून तो गोंगाट सुरू झाला की आमचे हे वर्तमानपत्र खाली ठेवून कपाळास आठ्या घालीत, आणि मी मनात म्हणे, काही का असेना, पोरगे घरात आहे एवढे तरी यावरून कळते! पुढे तो शिकून मोठा झाला, नोकरीनिमित्त बॉस्टनजवळ स्थायिक झाला. तिकडे काही महिने मी राहण्यास गेले असता, ‘काकू, तुम्हांला जो गोंगाट वाटायचा ना, ती एका फुटलेल्या घराची गोष्ट होती,’ असे म्हणून त्याने मला ती सारी हकीकत सांगितली. नंतर मी ती निरनिराळ्या ठिकाणी वाचून पडताळून पाहिली.

हे पाच जण म्हणजे स्टीव्हन टायलर हा गायक. ज्यो पेरी व ब्रॅड व्हिटफर्ड हे गिटारवादक. टॉम हॅमिल्टन हा खर्जाची गिटार वाजविणारा. आणि जोई क्रेमर हा ढोलांवर बसणारा. वाद्यवृंदाची स्थापना १९७० ची. व्हिटफर्ड १९७१ मध्ये येऊन मिळाला आणि पंचक पूर्ण झाले. प्रारंभी ही मंडळी बॉस्टनमधील कॉमनवेल्थ अव्हेन्यू या रस्त्यावर एकाच बिऱ्हाडात राहत. टायलरचे वडील शास्त्रोक्त पियानो वाजविणारे व शिकविणारे होते. पेरी हा उन्हाळ्यात एका तळ्याकाठच्या उपाहारगृहात भांडी विसळून पैसे मिळवीत असे. म्हणजे निरनिराळ्या घरांतून आलेली मुले एका चुलीवर जेवू लागली आणि एका कमाईवर जगू लागली. यास एकत्र कुटुंब म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे?

१९७५ चा ‘टॉइज इन द ॲटिक’ आणि १९७६ चा ‘रॉक्स’ या दोन संग्रहांनी त्यांच्या दारी लक्ष्मी आली. पहिल्या नावाचा अर्थ ‘माळ्यावरची खेळणी’. वाड्यात वाढलेल्या माणसास तो समजावून सांगण्याचे कारण नाही. परंतु लक्ष्मीबरोबर तिची थोरली बहीणही आली. गायक टायलर आणि गिटारवादक पेरी या दोघांचे मादक द्रव्यांचे व्यसन इतके वाढले की लोक त्यांना ‘विषारी जुळे’ म्हणू लागले. बाकीचे तिघेही त्या वाटेवर मागे नव्हते. वर्षाचे कित्येक महिने गावोगाव कार्यक्रम, रात्री जागरण, डोक्यात नशा आणि हिशेब दुसऱ्यांच्या हाती, अशी त्या घराची अवस्था झाली. खोलीवर मागविलेल्या खाण्यापिण्याचे सुमारे ८०,००० डॉलर पेरीच्या नावे निघतात असे त्यास व्यवस्थापकांकडून सांगण्यात आले, ते याच दिवसांत.

मग आला २८ जुलै १९७९ चा दिवस. क्लीव्हलंड शहरच्या प्रचंड क्रीडांगणावर कार्यक्रम होता. पडद्यामागे पेरीची पत्नी आणि हॅमिल्टनची पत्नी यांची बोलाचाली झाली, व पहिलीने दुसरीच्या अंगावर दुधाचा पेला फेकला. कार्यक्रम संपल्यावर टायलर आणि पेरी यांचे कडाक्याचे भांडण झाले. पेरी बाहेर पडला तो पडलाच. जी नशा, जी थकावट, जे ८०,००० डॉलर आणि जी दोन माणसांमधली चढाओढ कित्येक वर्षे घर पोखरीत होती, त्यांची नावे मागे पडली. आणि दुधाचा पेला तेवढा अजरामर झाला!

ही हकीकत मी प्रथम ऐकली तेव्हा मला हसू आले आणि लगोलग ते मावळलेही. कारण आमच्या घराच्या इतिहासातही एक पातेले आहे. आमच्या मामंजींचा छोटासा छापखाना होता. खिळे जुळवून लग्नपत्रिका, पंचांगे, शाळांची प्रगतिपुस्तके छापली जात. १९८४ मध्ये मामंजी वारले. त्या सुमारास ऑफसेटचे युग आले होते. खिळ्यांच्या छपाईस गिऱ्हाईक मिळेनासे झाले. ह्यांच्या मनात कर्ज काढून नवे यंत्र घ्यावयाचे. भाऊजींचे म्हणणे, आधी जुने हिशेब दाखवा. हिशेब मामंजींच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. चार वर्षे दोघे भाऊ एका पंगतीस बसून एकमेकांशी मोजके बोलत. अखेर १९८८ मध्ये एके दिवशी सकाळी, विरजणासाठी ठेवलेल्या पातेल्यावरची साय कोणी काढली, यावरून आम्हा जावांत दोन वाक्यांची देवाणघेवाण झाली. दोनच! संध्याकाळी पाहुणे येणार म्हणून बासुंदीसाठी ती साय सासूबाईंनीच काढून ठेवली होती, हे दुपारी निष्पन्नही झाले. परंतु आठ दिवसांनी गवंडी आला आणि चौकात भिंत उभी राहिली. आजही नात्यागोत्यांत कोणी विचारले, तर ‘सायीवरून घर फुटले’ हेच उत्तर मिळते. कर्जाचे नाव कोणी घेत नाही.

पुरुषांच्या भांडणास कारण म्हणून बायकांचे भांडण किती सोयीचे पडते! दोन भावांनी ‘आमचा एकमेकांवर विश्वास उरला नाही’ असे म्हणणे फार जड. ‘घरात बायकांचे पटत नाही’ असे म्हणणे सोपे. त्यात दोघांची अब्रू राखली जाते आणि दोष चुलीत टाकता येतो. बॉस्टनच्या त्या दोन पत्नींविषयी मला यामुळेच कणव वाटते. पेला फेकणे शोभादायक नव्हे, हे खरे. पण पेल्याने फुटावे एवढे ते घर कच्चे झाले होते, त्याचा दोष पेल्याकडे कसा जाईल? पेरीचा तो विवाह पुढे मोडला. म्हणजे ज्या सुनेने घर फोडले असे म्हणावयाचे, ती घरातून गेली. तरी घर काही त्यामुळे सांधले नाही. सांधण्यास निराळीच साधने लागली.

विभक्त झाल्यावर प्रत्येकाने आपली चूल मांडून पाहिली. पेरीने स्वतःच्या नावाने नवा मेळा काढला. १९८१ मध्ये व्हिटफर्डही बाहेर पडला. मागे राहिलेल्यांनी दुसरे दोन गिटारवादक घेऊन १९८२ मध्ये एक संग्रह काढला. कोणाचेच बरे चालले नाही. टायलरला तर व्यासपीठावर उभे राहणे कठीण होऊ लागले. अखेर १९८४ मध्ये पेरी व व्हिटफर्ड परतले आणि पाचही जण पुन्हा एकत्र आले. जुने चाहते आनंदले. एका मोठ्या कंपनीशी नवा करार झाला. १९८५ मध्ये ‘डन विथ मिरर्स’ नावाचा संग्रह निघाला आणि तो पडला.

या अपयशाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. कारण माझ्या मते या साऱ्या कथेचे मर्म येथे आहे. आपली समजूत अशी असते की, रुसलेली माणसे एकदा एका पाटावर बसली की झाले. मध्यस्थ डोळे पुसतात, पेढे वाटले जातात आणि सगळे आपापल्या घरी जातात. परंतु समेट होणे निराळे आणि सुधारणा होणे निराळे. ते पाच जण एकत्र आले खरे, पण येताना प्रत्येकाने आपापले व्यसन बरोबर आणले. संग्रहाच्या नावाचा अर्थ ‘आरशांचा नाद संपला’ असा आहे, आणि त्यात कोकेनची पूड आरशावर ठेवून ओढण्याच्या सवयीकडे गर्भित इशारा आहे. परंतु नाव ठेवल्याने नाद संपत नाही. फुटलेल्या भांड्याचे तुकडे नुसते जवळ ठेवले, तर भांडे अखंड दिसते. पाणी ओतल्याबरोबर खरे काय ते कळते.

आमच्याकडेही नेमके असेच घडले. १९९६ मध्ये पुतणीच्या लग्नात दोघा भावांनी एकमेकांस मिठी मारली. सासूबाईंना जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटले. दोन्ही छापखाने एक झाले. आणि दोन वर्षांच्या आत पुन्हा जुनाच अबोला सुरू झाला. प्रेम परत आले होते, परंतु हिशेबाची वही अजून आलेली नव्हती.

एरोस्मिथच्या बाबतीत पहिला धक्का बाहेरून मिळाला. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रन-डीएमसी या कृष्णवर्णीय तरुणांच्या मेळ्याने, रिक रुबिन या निर्मात्याच्या सूचनेवरून, एरोस्मिथचे १९७५ चे ‘वॉक धिस वे’ हे गाणे आपल्या ‘रॅप’ पद्धतीने नव्याने म्हटले, आणि त्यात टायलर व पेरी यांना बोलावून घेतले. त्या गाण्याचे जे चित्रण झाले त्यात शेजारशेजारच्या दोन खोल्यांत दोन मेळे तालीम करीत असतात व एकमेकांच्या आवाजाने वैतागतात. शेवटी टायलर मधली भिंत फोडून डोके पलीकडे काढतो. अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत ते गाणे चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. ज्यांना लोक मोडीत काढीत होते, त्यांची आठवण नव्या पिढीस एका निराळ्याच समाजातील मुलांनी करून दिली. माझा पुतण्या ते चित्रण मला दाखवीत असताना भिंत फुटल्याबरोबर आम्ही दोघेही एकदमच हसलो. कोणत्या भिंतीची आठवण झाली, ते बोलण्याची गरज पडली नाही.

दुसरा धक्का अधिक वेदनेचा होता. त्याच वर्षी व्यवस्थापक टिम कॉलिन्स आणि सहकारी वादक यांनी टायलरला समोर बसवून, उपचार घेतल्यावाचून आता गत्यंतर नाही, असे स्पष्ट सांगितले. टायलर उपचारगृहात गेला. हे सांगणारे सोबती त्या वेळी स्वतःही व्यसनमुक्त नव्हते, याचे शल्य त्याने पुढे पुष्कळ वर्षे बाळगले. आणि ते शल्य अगदीच अनाठायी होते असे मला वाटत नाही. घरातील एकालाच दोषी ठरवून इतरांनी शहाणे म्हणून बसणे, हा अन्याय कुटुंबांत नित्य घडतो. परंतु येथे पुढे एक गोष्ट चांगली झाली. एकामागून एक इतरही उपचारास गेले. सर्वांनी आपापली घाण आपापल्या हातांनी उपसली, तेव्हाच घर झाडून झाले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ती अभिमानाच्या मुळावर येणारी आहे. १९८७ च्या ‘परमनंट व्हेकेशन’ या संग्रहासाठी कंपनीच्या आग्रहावरून त्यांनी बाहेरचे गीतकार घेतले. डेस्मंड चाइल्ड, जिम व्हॅलन्स यांच्यासारखी मंडळी त्यांच्या शेजारी बसून गाणी रचू लागली. ज्यांनी स्वतःची गाणी स्वतः रचून कीर्ती मिळविली, त्यांना हे किती बोचले असेल याची कल्पना करावी. त्याचप्रमाणे कॅनडातील व्हँकूव्हर येथे ब्रूस फेअरबेर्न हा निर्माता त्यांना लाभला. हा मूळचा ट्रंपेटवादक. वाद्यांची जुळणी आणि वेळेची शिस्त यांबद्दल त्याची ख्याती होती. तो संग्रह यशस्वी झाला. परंतु ते यश काहीसे उसनवारीचे होते. आपण स्वतः बरे झालो की बाहेरच्या काठ्यांच्या आधाराने उभे आहो, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर म्हणजे १९८९ चा ‘पंप’.

व्हँकूव्हरच्या ‘लिटल माउंटन’ या त्याच ध्वनिमुद्रणगृहात, त्याच फेअरबेर्नच्या देखरेखीखाली, १९८९ च्या पहिल्या सहामाहीत हे काम झाले आणि १२ सप्टेंबर रोजी संग्रह बाहेर पडला. या खेपेस चाइल्ड व व्हॅलन्स होते, पण काही थोड्या गाण्यांपुरते. बहुतेक रचना घरच्याच होत्या. मुद्रण चालू असतानाचे चित्रणही पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. त्यात ही मंडळी शब्दांवरून, ठेक्यावरून वाद घालताना दिसतात. पण कोणी उठून जात नाही. दहा वर्षांपूर्वी जे भांडण घर फोडीत होते, तेच आता काम सुधारीत होते. भांडण नसणे हे एकत्र कुटुंबाचे लक्षण नव्हे. भांडल्यानंतरही दुसऱ्या दिवशी कामास बसणे, हे आहे.

संगीताविषयी मी अधिकाराने काही बोलू शकत नाही, तथापि ऐकलेले सांगते. पहिल्या दोन गाण्यांत गाडी उतारावरून सुटल्यासारखा वेग आहे. ऐकणाऱ्यास धाप लागते, वाजविणाऱ्यांस लागत नाही. काही गाण्यांचा विषय इतका उघड शृंगाराचा आहे की ती घरात चारचौघांत बसून ऐकण्याजोगी नव्हेत. उद्वाहकातील प्रेमप्रसंगाचे एक गाणे फार गाजले. त्याचा अर्थ मला समजावून सांगताना पुतण्याची जी तारांबळ उडाली ती मी दुष्टपणे पुरेपूर उपभोगली! एक गाणे व्यसनावर आहे. इंग्रजीत व्यसनाला पाठीवर बसलेले माकड म्हणतात. आपल्याकडे विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ आठवावा. जो स्वतः ते ओझे वाहून आलेला आहे, त्याच्या आवाजात उपदेश नसतो, सुटकेचा श्वास असतो; तो येथे स्पष्ट ऐकू येतो. गाण्यांच्या अधूनमधून लहान लहान तुकडे आहेत. त्यांत अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातील डल्सिमर हे तंतुवाद्य वाजते, तर एका गाण्याच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे डिजरिडू घुमते. रँडी रेन-र्‍यूश नावाच्या वादकाने ही दूरदेशची वाद्ये त्या गोंगाटात अशी बसविली आहेत की, भर बाजारात अचानक एखाद्या देवळाचा गाभारा लागावा.

परंतु या संग्रहातील जे गाणे मला विसरता येत नाही ते ‘जेनीज गॉट अ गन’. एक मुलगी, जन्मदात्याकडूनच तिच्यावर झालेला अत्याचार, आणि तिने हाती घेतलेले पिस्तूल, हा त्याचा विषय. ढोलताशांत रमणाऱ्या मंडळींनी हा विषय घ्यावा, तो गाण्यात पेलावा आणि लाखो घरांत तो वाजावा, ही साधी गोष्ट नव्हे. ज्या दुःखाची वाच्यता घराच्या चार भिंतींच्या बाहेर होऊ द्यावयाची नाही असा जगभरच्या कुटुंबांचा दंडक आहे, त्याच दुःखास त्यांनी चौकात आणून उभे केले. हे गाणे अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकास पोचले, आणि त्यानेच एरोस्मिथला पहिले ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. त्याची रचना टायलर आणि हॅमिल्टन या दोघांची. ज्याच्या पत्नीच्या अंगावर दूध सांडले होते, तोच हा हॅमिल्टन!

‘पंप’मधील तीन गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेली, असे त्यांच्या एका संग्रहाच्या बाबतीत पूर्वी कधीच घडले नव्हते, आणि त्या एका देशात ७० लाख प्रतींची अधिकृत नोंद झाली. वेष्टनावर एका मोठ्या मालमोटारीवर चढलेली लहान मालमोटार दाखविली आहे. चित्रकाराचा हेतू काही विनोदाचा असेल. मला मात्र ते पाहून, थोरल्याने धाकट्याला पाठीवर घेतले आहे, असेच वाटले.

येथे थांबले असते तर ही गोष्ट कीर्तनात सांगण्याजोगी झाली असती. परंतु खऱ्या माणसांच्या गोष्टी आख्यान संपले म्हणून संपत नाहीत. ज्या कॉलिन्सने त्यांना सावरले त्यास १९९६ मध्ये त्यांनी दूर केले. फेअरबेर्न १९९९ मध्ये वारला. टायलरचे व्यसन पुढे उलटले आणि २०२२ मध्येही त्यास पुन्हा उपचार घ्यावे लागले. त्याच वर्षी एका स्त्रीने, १९७० च्या दशकात आपण अल्पवयीन असताना त्याने आपल्याशी अत्याचाराचे वर्तन केले, असा दावा न्यायालयात दाखल केला. टायलरने आरोप नाकारले. जेनीचे गाणे ऐकताना ही गोष्ट मनातून काढून टाकता येत नाही, आणि काढूही नये. उत्तम गाणे रचले म्हणून रचणाऱ्याचा जमाखर्च मिटत नाही. पुनरागमन म्हणजे पापक्षालन नव्हे. २०२० मध्ये ढोलवादक क्रेमरला दुखण्यातून उठल्यावर सोबत्यांनी परत वाजवू दिले नाही म्हणून तो त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेला. निकाल त्याच्याविरुद्ध लागला. अखेर टायलरच्या कंठास झालेली इजा पूर्ण भरून येत नाही असे दिसल्यावर, ऑगस्ट २०२४ मध्ये, आता आपण गावोगाव कार्यक्रम करणार नाही, असे एरोस्मिथने जाहीर केले. पहिली बैठक मांडल्यापासून ५४ वर्षे झाली होती.

मग त्या पुनरागमनाचा अर्थ काय उरला? मला वाटते, पुष्कळ उरला. सांधलेले घर पुन्हा तडकत नाही, असे कोठे आहे? प्रत्येक पिढीस, किंबहुना प्रत्येक दशकास, ते पुन्हा सांधावे लागते. परंतु कसे सांधावयाचे हे एकदा माहीत झाले, की दुसऱ्या खेपेस निदान हातास सवय असते. व्यसन असो, कर्ज असो की संशय, ज्याचे त्याने आपले दुखणे नाव घेऊन सांगावे. घराबाहेरच्या जाणत्या माणसास आत येऊ द्यावे. आणि मग कामास बसावे. या क्रमात मिठी मारण्यास स्थान आहे, पण ते पहिले नाही.

आमच्या छापखान्याचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. १९९९ मध्ये दोघा भावांनी एका परक्या हिशेबनिसास नेमले. नात्यातला नको, ओळखीचा नको, अशी अट धाकट्या जाऊबाईंनी घातली आणि मी तिला दुजोरा दिला. त्या गृहस्थाने तीन महिने बसून मामंजींच्या वेळेपासूनचे सारे कागद लावले, आणि जो आकडा निघाला तो दोन्ही भावांच्या संशयाहून पुष्कळच लहान होता. अकरा वर्षे ज्याच्या भीतीने ते एकमेकांशी बोलले नाहीत, ती रक्कम एका चांगल्या लग्नाच्या खर्चाएवढी होती! त्यानंतर छापखाना एक झाला तो एकच राहिला. आता तो पुढच्या पिढीच्या हाती आहे. चौकातली भिंत मात्र आम्ही पाडली नाही. तीत एक दार काढले. चुली दोन राहिल्या, व्यवहार एक झाला, आणि सणावारी पंगत एक. शेजारपाजारच्या वडीलधाऱ्या मंडळींना हे अर्धवट वाटले. मला ते पूर्ण वाटते. बॉस्टनचे ते पाच जण तरी पुन्हा कॉमनवेल्थ अव्हेन्यूवरच्या एका खोलीत थोडेच राहावयास गेले? आपापल्या घरी राहून ते एका तालात वाजवू लागले, आणि त्यातूनच ‘पंप’ निघाला.

ज्या घरांत सध्या असा अबोला चालू असेल, त्यांतील वाचकभगिनींस माझे एवढेच सांगणे की, पातेले आणि पेला यांचे आरोप आपल्या माथी मुकाट्याने घेऊ नका. ते खाली ठेवून शांतपणे विचारा की, वही कोठे आहे? हा प्रश्न विचारताच दिवाणखान्यात थोडा वेळ शांतता पसरेल. ती शांतता सोसण्याचे धैर्य ज्या घरास आहे, त्या घराचे दूध कितीही सांडले तरी घर सांडत नाही.